आजीचे नाव काय?



दरवर्षी २६ जुलै रोजी आपण संत योआकीम आणि संत अन्ना यांचा सण साजरा करतो. हे दोघे पवित्र मरियेचे आईवडील, म्हणजेच प्रभू येशूचे आजी-आजोबा. या सणाला जोडूनच पोप फ्रान्सिस यांनी २०२१ सालापासून जुलै महिन्याचा चौथा रविवार हा आजी-आजोबा आणि वृद्धजनांचा जागतिक दिन म्हणून ठरवून दिला. त्या निमित्ताने आज आम्ही आपणांपुढे एक प्रश्न ठेवीत आहोत. प्रश्न अगदी साधा आहे. तुमच्या आजीचे नाव काय? वडिलांच्या आईचे नाव काय, आईच्या आईचे नाव काय? तिचे माहेर कोणत्या गावचे?

लग्नाचे कागद करण्यासाठी तरुण-तरुणी धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात तेव्हा आम्ही हा प्रश्न कधी कधी सहज विचारतो. वडिलांचे नाव चटकन येते. आजोबांचे नाव थोडा विचार करून येते. आजीचे नाव विचारले की मुले एकमेकांकडे बघतात. “आजी म्हणजे... आम्ही तिला मोठी मायच म्हणायचो.” मग बाहेर बाकावर बसलेल्या आईला आत बोलवावे लागते. यावर हसू येते, पण थोडे वाईटही वाटते. जिने मांडीवर घेऊन छातीवर क्रुसाची खूण करायला शिकविले, तिचे नावसुद्धा आपल्याला ठाऊक नसते.

आणि काहींना नाव ठाऊक असते, पण सांगायचे नसते. ती कुणाच्या शेतावर मजुरीला जात होती, तिचे घर गावाच्या कोणत्या टोकाला होते, हे आता नोकरीत लागलेल्या, शहरात फ्लॅट घेतलेल्या नातवाला नको असते. हे विसरणे नव्हे, हे लपविणे आहे. आज आम्हांला या लपविण्याविषयीच बोलायचे आहे. त्यासाठी नगर जिल्ह्यात जन्मलेल्या एका स्त्रीची खरी हकीकत आम्ही आपणांला सांगणार आहोत. तिचेही नाव अ‍ॅना. तीही शिक्षिका, आणि तीही आजी.

नगरची मुलगी

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. तेथील लष्करी छावणीत १८३१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एका मुलीचा जन्म झाला. वडील थॉमस एडवर्ड्स हे इंग्रज सार्जंट. मुलगी जन्माला येण्याआधीच ते वारले. आई मेरी अ‍ॅन ही एका इंग्रज अधिकाऱ्याची मुलगी, पण तिची आई कोण होती हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. ती येथलीच, भारतीय किंवा मिश्र वंशाची स्त्री असावी असे अभ्यासक सांगतात. तिचे नाव मात्र कुणालाच सांगता येत नाही. आजोबांचे नाव नोंदले गेले, आजीचे नाव गळून पडले.

आईने पुढे एका आयरिश शिपायाशी लग्न केले. अ‍ॅना अशा दख्खनच्या छावण्यांमध्ये वाढली. छावणीच्या बाराकीत कसली गोपनीयता आणि कसली श्रीमंती? पण मुलगी हुशार होती. १८४९ साली नाताळच्या दिवशी पुण्यात तिचे लग्न थॉमस लिओन ओवेन्स या तरुण कारकुनाशी झाले. पुढे पतीची ही दोन नावे जोडून तिने ‘लिओनोवेन्स’ असे आडनाव केले आणि जगाला ती अ‍ॅना लिओनोवेन्स म्हणून माहीत झाली.

लग्नानंतरची वर्षे फार खडतर गेली. पोटापाण्यासाठी हे जोडपे समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात गेले, तेथून मलायातील पेनांग येथे आले. चार मुले झाली, त्यांतील दोन तान्हेपणीच गेली. १८५९ साली पेनांगला पतीचेही निधन झाले. सत्तावीस वर्षांची विधवा, पदरी चार वर्षांची एविस आणि दोन वर्षांचा लुई, आणि गाठीला पैसा नाही. परभणी जिल्ह्यातील कितीतरी बायाबापड्यांना हा प्रसंग नवा वाटणार नाही.

अ‍ॅनाबाई सिंगापूरला गेल्या आणि त्यांनी शाळा काढली. आणि येथेच त्यांनी आपल्या आयुष्यातील मोठा निर्णय घेतला. आपला जन्म इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये झाला, आपले वडील लष्करात कॅप्टन होते, पतीही मोठे अधिकारी होते, असे त्यांनी सांगायला सुरुवात केली. नगर गेले, छावणी गेली, सार्जंट बाप गेला, आईची आई तर आधीच गेली होती. जन्माचे सालसुद्धा त्यांनी तीन वर्षांनी पुढे ढकलले.

आयुष्यभर शिक्षिका

पुढची गोष्ट पुष्कळांनी सिनेमात पाहिली असेल. सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे राजे मोंगकुट यांना आपल्या मुलांना इंग्रजी शिकविण्यासाठी बाई हवी होती. १८६२ साली अ‍ॅनाबाई मुलाला घेऊन बँकॉकला गेल्या आणि १८६७ पर्यंत त्यांनी राजवाड्यात शिकविले. पुढे राजा झालेले चुलालाँगकॉर्न हे त्यांचे विद्यार्थी. त्यानंतर अ‍ॅनाबाई अमेरिकेला गेल्या. तेथे शाळा चालविली, व्याख्याने दिली, पुस्तके लिहिली. १८७८ पासून त्या लेक-जावयाबरोबर कॅनडातील हॅलिफॅक्स शहरात राहू लागल्या. १८८७ साली तेथे जी कलाशाळा उभी राहिली तिच्या संस्थापकांत त्या होत्या. ती शाळा पुढे विद्यापीठ झाली आणि आजही चालू आहे. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणूनही त्यांनी काम केले.

आणि त्या आजी झाल्या. एविसला आठ मुले झाली. नातवंडांच्या शिक्षणासाठी आजीबाई त्यांना घेऊन जर्मनीतील लायप्झिग शहरी काही वर्षे राहिल्या. १९०२ साली एविस वारली. तेव्हा अ‍ॅनाबाईंचे वय सत्तरीच्या पुढे होते. ज्या वयात माणूस दुसऱ्याच्या हाताने पाणी मागतो त्या वयात त्यांनी आई नसलेल्या नातवंडांचा सांभाळ केला. १९ जानेवारी १९१५ रोजी माँट्रियल येथे वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारत, ऑस्ट्रेलिया, मलाया, सिंगापूर, सयाम, अमेरिका, कॅनडा: इतक्या देशांत बिऱ्हाड मांडले, सगळीकडे शिकविले, दोन पिढ्या वाढविल्या. असे आयुष्य सोपे नसते. आम्ही त्यांच्या कष्टांना नमस्कार करतो.

पण एक गोष्ट मनाला टोचते. १८८४ साली या बाईंनी भारतावर पुस्तक लिहिले. त्यातही आपण परक्या देशातून येथे आलेली इंग्रज मुलगी होतो असेच दाखविले. ज्या मातीत जन्म झाला, त्या मातीकडे पाहुण्यासारखे पाहिले. आपल्या सख्ख्या बहिणीशीही त्यांनी संबंध ठेवला नाही. नातवंडांना जी हकीकत सांगितली तीही तीच, वेल्सची. नातवंडांनी ती खरी मानली आणि पुढे एका लेखिकेला सांगितली. त्यावरून १९४४ साली कादंबरी झाली, मग नाटक आणि सिनेमे झाले. खरी गोष्ट बाहेर आली ती १९७६ साली. डब्ल्यू. एस. ब्रिस्टो नावाचे एक इंग्रज गृहस्थ, खरे तर कोळी या किड्यांचे अभ्यासक, त्यांनी वेल्समध्ये बाईंच्या जन्माची नोंद शोधली. ती सापडेना. मग त्यांनी भारतातील नोंदी पाहिल्या, तेव्हा नगरच्या सार्जंटची मुलगी सापडली. बाई जाऊन तेव्हा एकसष्ट वर्षे झाली होती.

बंधुभगिनींनो, एकदा लपविले की लपवीतच राहावे लागते. एका गोष्टीसाठी दुसरी रचावी लागते. आपली बढती दाखविताना दुसऱ्याला कमी दाखविण्याचा मोहही होतो. बाईंनी राजा मोंगकुट यांचे जे चित्र रंगविले ते थायलंडच्या लोकांना अपमानाचे वाटले. त्यांच्या गोष्टीवरचे १९५६ आणि १९९९ सालचे दोन्ही सिनेमे त्या देशाने बंद ठेवले.

दार कुणी बंद केले?

मग आपण या बाईला दोष द्यायचा का? खोटे ते खोटेच, देवाची आज्ञा स्पष्ट आहे. पण दगड उचलण्यापूर्वी थोडे थांबू या. सिंगापूरच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी शिपायाच्या, आणि तीही मिश्र वंशाच्या मुलीकडे आपली मुले शिकायला पाठविली असती का? आपण खरे सांगितले तर शाळेत एकही मूल येणार नाही आणि घरची दोन मुले उपाशी राहतील, ही भीती खोटी नव्हती. लपविणाऱ्याचे पाप मोजताना, ज्यांनी दार बंद केले त्यांचे पापही मोजावे लागेल.

ही गोष्ट आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. मराठवाड्यातील आपल्या किती घरांनी हेच भोगले आहे! गावात घर भाड्याने मागायला गेले की आधी आडनाव विचारतात. १९५० सालच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदू धर्मीयांपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख बांधवांना आणि १९९० साली बौद्ध बांधवांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना मात्र वगळले गेले. म्हणूनच भारतातील ख्रिस्तसभा १० ऑगस्ट हा दिवस निषेधाचा दिवस म्हणून पाळत आली आहे. कागदावर एक आणि घरात एक असे जगण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही त्यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबर प्रार्थना करतो.

परंतु सक्तीने झाकावे लागणे वेगळे आणि आतून लाज वाटणे वेगळे. कागदाच्या भीतीने तोंड बंद झाले तरी घरात, देवासमोर, लेकरांसमोर ते उघडता येते. अ‍ॅनाबाईंच्या आयुष्याची खरी हानी तेथेच झाली. सिंगापूरच्या साहेबांपासून त्यांनी लपविले हे समजू शकते. पण पन्नास वर्षांनंतर, मांडीवरच्या नातवंडांपासूनही त्या लपवीत राहिल्या. आठ नातवंडांना त्यांनी पुष्कळ काही शिकविले, पण आपली आजी त्यांना देता आली नाही.

देवाच्या वहीतील नावे

आता शुभवर्तमानाकडे वळू या. नाताळच्या जागरणाच्या मिस्सेत मत्तयलिखित शुभवर्तमानातील प्रभूची वंशावळ वाचली जाते. खरे सांगायचे तर ती वाचताना मंदिरात चुळबुळ सुरू होते. अमक्याला अमका झाला, तमक्याला तमका झाला. पण त्या लांबलचक पुरुषांच्या यादीत मत्तय मध्येच चार स्त्रिया आणून बसवितो: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. त्यानंतर शेवटी येते मरिया.

वंशावळ लिहिणारा दुसरा कुणी असता तर त्याने काय केले असते? साराचे नाव घातले असते, रिबेकाचे घातले असते. थोरामोठ्या, कुलीन आज्या निवडल्या असत्या. मत्तयाने निवडल्या त्या लोक ज्यांच्याविषयी हलक्या आवाजात बोलत. राहाब ही यरीहो नगरातील वेश्या. रूथ ही मवाबी, ज्या लोकांना देवाच्या मंडळीत येण्यास नियमशास्त्राने बंदी केली होती. आणि पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने मत्तयाने त्यांची नावे राजांच्या नावांशेजारी लिहून ठेवली. जणू देव सांगतो आहे की माझ्या पुत्राला आपल्या आज्यांची लाज वाटत नाही.

रूथची गोष्ट तर आपल्याच भागातली वाटावी अशी आहे. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून नामी आणि तिचा नवरा मुलांना घेऊन मवाब देशी पोट भरायला गेले. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे सांगायला नको. परदेशात नामीचा नवरा गेला, दोन्ही मुले गेली. ती रिकाम्या हाताने परतली तेव्हा सून रूथ तिच्यासोबत निघाली, आपला देश आणि आपले लोक सोडून. बेथलेहेमात ती लोकांच्या शेतात कापणीनंतर सरवा वेचायला जाऊ लागली. आपण परक्या आहोत हे तिने कधी लपविले नाही. बवाजासमोर तिने स्वतःच ते सांगितले. पुढे तिला मुलगा झाला तेव्हा नामीने त्याला उराशी घेतले आणि तीच त्याची दाई झाली. हा ओबेद म्हणजे दावीद राजाचा आजोबा. सरवा वेचणाऱ्या परदेशी बाईची ही वेल बेथलेहेमच्या गव्हाणीपर्यंत पोहोचली.

संत अन्नेचे नाव मात्र शुभवर्तमानात नाही. ते ख्रिस्तसभेच्या पुरातन परंपरेने जपून ठेवले. चित्रकारांनी तिला कसे काढले आहे, हे लक्षात घ्या. पुष्कळ चित्रांत संत अन्ना मांडीवर पुस्तक घेऊन बसली आहे आणि बालिका मरियेला वाचायला शिकवीत आहे. आजी ही पहिली शिक्षिका, हे ख्रिस्तसभेने शब्दांत नव्हे तर चित्रात सांगितले. संत पौलानेही तीमथ्याला लिहिताना त्याच्या विश्वासाचे श्रेय आधी त्याची आजी लोईस हिला दिले आणि मग आई युनीके हिला. ही नावे कुणीतरी सांगितली म्हणून उरली, नाहीतर तीही गेली असती.

लाज न बाळगणारी माणसे

दुसरी एक परदेशी गेलेली आजी पाहा. १९२९ साली इटलीच्या पिएमोंत प्रांतातून रोझा नावाची बाई नवरा आणि मुलासह अर्जेंटिनाला गेली. नातू जन्मला तो तिच्या शेजारीच वाढला. तिने त्याला आपल्या गावची बोली शिकविली, प्रार्थना शिकविली, शुभ शुक्रवारच्या मिरवणुकीला बोट धरून नेले. तो नातू म्हणजे दिवंगत पोप फ्रान्सिस. आजीने लिहिलेले पत्र ते आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवीत. विश्वासाची पहिली घोषणा मी आजीकडून ऐकली, असे ते जगासमोर सांगत. आजीच्या बोलीची त्यांना कधी लाज वाटली नाही.

फिलिपाईन्स देशातील लाखो स्त्रिया आज परदेशात परिचारिका, शिक्षिका आणि घरकाम करणाऱ्या म्हणून राबतात. आपल्यापैकी जे आखाती देशांत गेले आहेत त्यांनी तेथील मिस्सेला त्यांची गर्दी पाहिली असेल. त्या देशात विश्वास पोहोचल्याला पाचशे वर्षे झाली म्हणून २०२१ साली रोममध्ये मिस्सा झाली. तेव्हा पोप फ्रान्सिस कौतुकाने म्हणाले की रोममधील फिलिपिनो स्त्रिया विश्वासाची चोरटी आयात करतात: जेथे कामाला जातात तेथे गुपचूप विश्वास पेरून येतात. त्यांतील कितीतरी बाया आज आज्या झाल्या आहेत. दुसऱ्यांची लेकरे वाढविता वाढविता त्यांनी आपली प्रार्थना आणि आपली भाषा टिकविली.

आणि इतके दूर कशाला जायचे? आपल्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी दासी. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईने आपल्या अभंगांत स्वतःला नामयाची दासी म्हणूनच नोंदविले. दासीपण झाकले नाही. म्हणून आज गोदावरीच्या काठी राजेरजवाड्यांची नावे कुणाला आठवत नाहीत, पण दळण दळणाऱ्या जनीचे नाव घरोघरी आहे. आणि ज्या १८३१ सालच्या नोव्हेंबरात नगरला अ‍ॅना जन्मली, त्याच वर्षीच्या जानेवारीत नायगावला सावित्रीबाई फुले जन्मल्या. दोघीही शिक्षिका. सावित्रीबाईंनी आपण कोण हे झाकले नाही. अंगावर शेण झेलले, पण मान ताठ ठेवून शाळेत गेल्या.

आपल्या घरी

आता आपल्या घराकडे पाहू. दिवाळी झाली की कारखाने सुरू होतात आणि आपल्या गावांतून कोयता घेऊन जोडपी ऊसतोडीला निघतात. शाळेत जाणारी लेकरे मागे राहतात ती आजीजवळ. चार-पाच महिने तीच आई, तीच बाप. सकाळी भाकरी थापून शाळेत धाडायचे, संध्याकाळी हातपाय धुऊन जपमाळेला बसवायचे, ताप आला तर कडेवर घेऊन दवाखाना गाठायचा. तिला वाचता येत नसेल, पण आमच्या धर्मग्रामातील कितीतरी मुलांची पहिली धर्मशिक्षिका तीच आहे. पहिल्या ख्रिस्तशरीराच्या तयारीला येणाऱ्या मुलांना ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ कुणी शिकविले असे विचारले, तर निम्मी मुले आजीचे नाव सांगतात. नाव म्हणजे, ‘आजीने’ एवढेच सांगतात.

तीच मुले शिकतात, पुण्या-मुंबईला जातात. मग आजीची बोली त्यांना गावंढळ वाटू लागते. मित्र घरी आले की आजीला आतल्या खोलीत बसायला सांगतात. आजीही काही बोलत नाही. ती समजून घेते, कारण तिने आयुष्यभर तेच केले आहे. आम्ही कडक बोलतो आहोत याची आम्हांला जाणीव आहे. आमच्याकडूनही हे झालेले आहे. आमच्यापैकी कुणी शिकायला बाहेर गेलो तेव्हा भेटायला आलेल्या, नऊवारी नेसलेल्या, तंबाखूचा वास येणाऱ्या आजीला चटकन फाटकाबाहेर चहाला नेले, मित्रांशी ओळख करून दिली नाही. आता ती आजी नाही. आता ओळख करून द्यायची तर कुणाला? पापनिवेदनात हे सांगितले, क्षमा मिळाली, पण ती फाटकापाशी उभी असलेली अजून दिसते.

म्हणून, ज्यांची आजी अजून आहे त्यांनी उशीर करू नये. आज मिस्सा झाल्यावर घरी जा, आजीजवळ बसा आणि तीन गोष्टी विचारा. तुझे पूर्ण नाव काय? तुझे माहेर कोणते? तुझ्या आईचे नाव काय? जे सांगेल ते घरातील पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा. ज्यांची आजी देवाघरी गेली आहे त्यांनी आत्या, मावशी, गावातील एखादी म्हातारी, कुणालाही विचारून लिहा. सणाच्या दिवशी मिस्सेच्या वेळी ही नावे कागदावर लिहून आणा. अर्पणाच्या वेळी ती वेदीसमोर टोपलीत ठेवली जातील. आणि ज्यांना कितीही शोधून नाव सापडले नाही, त्यांनी कोरा कागद आणावा. संकोच करू नका. नगरच्या त्या बाईच्या आजीचे नावही कुणाला सापडले नाही. पण आपला विश्वास आहे की देवाच्या वहीत कोरे पान नसते. ज्याने हागारेला रानात नाव घेऊन हाक मारली, तो कोणत्याही आजीला ‘अमक्याची आई’ म्हणून बोलावणार नाही.

आपण प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, तूही कुणाचा तरी नातू होतास. ज्या आज्यांनी आम्हांला खाऊपिऊ घातले आणि तुझे नाव शिकविले त्यांच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. ज्यांना भीतीपोटी आपले मूळ झाकावे लागते त्यांना बळ दे, आणि ज्यांनी दारे बंद केली त्यांची मने उघड. आम्हांला आमच्या माणसांची लाज वाटली असेल तर आम्हांला क्षमा कर. ज्या आजीचे नाव आम्ही विसरलो, तिला तू तिच्या नावाने हाक मार आणि आपल्या घरी बसव. संत अन्ना आणि संत योआकीम, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.